आधी दया, मग आज्ञापालन: पापाला नकार देण्याचे सामर्थ्य कोठून येते?

मुख्य शास्त्रभाग: तीताला पत्र २:११–१४, योहान ८:१–११, मत्तय १८:२१–३५
पूरक वाचन: उत्पत्ती ४:१–८, १ शमुवेल १५, लूक १९:१–१०, याकोब ४:६–१०



विश्वासाच्या मार्गावर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी छळतो. तारण मिळाले, बाप्तिस्मा झाला, मंडळीत नियमित जाऊ लागलो. तरी तेच पाप पुन्हा पुन्हा का घडते? प्रार्थनेत रडून सोडून दिलेली गोष्ट दोन आठवड्यांनी परत हातात कशी येते?

अशा वेळी माणूस बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. काही जण स्वतःवर नियम लादतात. उपास वाढवतात, शपथा घेतात आणि पुन्हा पडले की स्वतःचाच तिरस्कार करतात. पुढे पुढे तोच तिरस्कार ते इतरांवरही काढू लागतात. दुसरे काही जण म्हणतात, "देव दयाळू आहे, माणूस म्हटला की चुकणारच," आणि झगडणेच सोडून देतात. पहिल्या वाटेवर आज्ञापालनाची धडपड आहे, पण दया नाही. दुसऱ्या वाटेवर दयेचे नाव आहे, पण आज्ञापालन नाही. दोन्ही वाटांच्या शेवटी पाप मात्र आपल्या जागी तसेच बसलेले असते.

पवित्र शास्त्रात दया आणि आज्ञापालन एकमेकांपासून तोडलेली नाहीत, आणि त्यांचा एक ठरलेला क्रम आहे. या पाठात आपण तो क्रम समजून घेऊ. नंतर तो आपल्याच भाषेतल्या एका देवभीरू स्त्रीच्या, पंडिता रमाबाईंच्या जीवनात कसा दिसला, ते पाहू.

१. पाप कसे वाढते?

नव्या करारात पापासाठी सर्वांत जास्त वापरलेला ग्रीक शब्द आहे 'हमार्तिया'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. जुन्या करारातल्या इब्री शब्दाचाही अर्थ तसाच आहे. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणदारांबद्दल लिहिले आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. 'चुकत नसे' यासाठी तेथे जे क्रियापद आहे, तेच इतर ठिकाणी 'पाप करणे' या अर्थाने येते. देवाने आपल्याला एका निशाण्यासाठी घडवले आहे: त्याच्यावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी. पाप म्हणजे तो निशाणा सोडून भलतीकडे जाणे. म्हणून वाईट कृत्य न करणारा मनुष्यही नेम चुकलेला असू शकतो. ज्याने कोणाचे काही चोरले नाही, पण कोणावर प्रीतीही केली नाही, त्याचा दगडही निशाण्यावर बसलेला नाही.

पाप अचानक घडल्यासारखे वाटते, पण याकोब १:१४–१५ मध्ये त्याच्या वाढीच्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी वासना ओढते आणि भुलवते. मग ती गर्भ धरते, पापाला जन्म देते आणि पाप वाढले की मरण आणते. म्हणजे पापालाही गर्भावस्था आहे, आणि त्याला अडवण्याची सोपी वेळ तीच. काईनाशी देव बोलला तोही त्याच वेळी. हाबेलाला मारण्याआधी, काईनाचे तोंड उतरले होते तेव्हाच, देवाने त्याला विचारले की तू का संतापलास. उत्पत्ती ४:७ मध्ये पाप दाराशी दबा धरून बसलेल्या प्राण्यासारखे दाखवले आहे. ते अजून घरात शिरलेले नाही आणि दार अजून काईनाच्या हातात आहे. देवाने काईनाला टाकून दिले नव्हते. तो येऊन बोलला, इशारा दिला, वाट दाखवली. पापाच्या आधीही देवाची दया तेथे होती. काईनाने तिचे ऐकले नाही.

२. आज्ञापालन म्हणजे 'ऐकणे'

मराठीत आई मुलाला म्हणते, "माझं ऐक." तिला फक्त कानांनी ऐकणे अपेक्षित नसते, सांगितले तसे वागावे असे तिला म्हणायचे असते. इकडे कन्नडमध्येही 'मातु केळु' म्हणजे बोललेले ऐक आणि तसे कर. इब्री भाषेतला 'शमा' हा शब्द अगदी असाच आहे. त्यात ऐकणे आणि मानणे दोन्ही एकत्र आहे. ग्रीकमधला आज्ञापालनाचा शब्द 'हुपाकोए' हाही 'ऐकणे' या क्रियापदावरूनच तयार झाला आहे.

हे लक्षात ठेवून १ शमुवेल १५ वा अध्याय वाचा. शौल राजाला परमेश्वराचा शब्द ऐकायला सांगितले होते. लढाई जिंकल्यावर त्याने उत्तम मेंढरे आणि बैल राखून ठेवले आणि वर शमुवेलाला सांगितले की मी आज्ञा पाळली. तेव्हा शमुवेलाने विचारले की मग मला हे मेंढरांचे बेंबावणे कसे काय ऐकू येते? शौलाने सबब दिली की ती यज्ञासाठी आहेत. शमुवेलाने उत्तर दिले की यज्ञापेक्षा परमेश्वराचे ऐकणे उत्तम. शेवटी शौलाने कबूल केले की लोकांची भीती वाटून त्याने लोकांचा शब्द ऐकला. सगळ्या अध्यायात हाच शब्द फिरतो. शौल बहिरा नव्हता. त्याने ऐकले, पण दुसऱ्याचे ऐकले.

आपलेही असेच होते. मित्रांचा शब्द, घरच्यांच्या अपेक्षेचा शब्द, मोबाइलवर रात्री येणारा मोहाचा शब्द, "एवढ्याने काय होते" हा मनातला शब्द. आपण दिवसभर कोणाचे ना कोणाचे ऐकतच असतो. आज्ञापालनाचा खरा प्रश्न असा आहे की कोणाचा शब्द आपल्याला जवळचा वाटतो? मूल अनोळखी माणसाचे ऐकत नाही. ज्या आवाजात त्याला माया जाणवते, त्या आवाजाकडे ते वळते. म्हणून देवाचे ऐकण्याआधी देवाची दया ओळखणे गरजेचे आहे.

३. दया: अपराध पोटात घालणे

देवाची दया सांगण्यासाठी जुन्या करारात 'रहमीम' हा शब्द वारंवार येतो. तो 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आपल्याकडे उर्दूतून आलेला 'रहम' हा शब्द त्याच कुळातला. आणि मराठीत आपण काय म्हणतो? "माझे अपराध पोटात घाल." आई ज्या पोटात मूल वाढवते, त्याच पोटात त्याचे अपराधही घालते. दयेची ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

पण दया स्वस्त नाही. मत्तय १८ मधील दृष्टांतात एका चाकराचे दहा हजार तलांत कर्ज राजाने माफ केले. त्याच चाकराने बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला येथे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). एक तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. तेव्हा दहा हजार तलांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर ते कर्ज फेडायला २ लाख वर्षे लागतील. आणि त्या चाकराने राजाकडे काय मागितले? थोडी मुदत! "सगळे फेडीन" असे तो म्हणाला. आपल्या पापाचा आकडा किती मोठा आहे हे त्याला कळलेच नव्हते. राजाने मुदत दिली नाही. त्याने सगळे कर्जच सोडून दिले. तो तोटा राजाने स्वतःच्या खात्यावर घेतला.

कलस्सैकरांस पत्र २:१४ मध्ये पौलाने वधस्तंभाबद्दल हेच सांगितले आहे. तेथला ग्रीक शब्द कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्यासाठी वापरला जात असे. तो रोखा खोडला गेला आणि खिळ्यांनी वधस्तंभाला ठोकला गेला. कर्ज बुडाले नाही; ते दुसऱ्याने फेडले.

शंभर दिनार हीसुद्धा खरी रक्कम आहे, हेही लक्षात घ्या. शंभर दिवसांची मजुरी थोडी नसते. लोकांनी आपले केलेले नुकसान खोटे आहे असे प्रभू म्हणत नाही. तो फक्त ते सहा लाखपट मोठ्या माफीच्या शेजारी ठेवून बघायला सांगतो.

४. देवाचा क्रम

आता क्रमाकडे लक्ष देऊ. निर्गम २० मध्ये दहा आज्ञा सुरू होण्याआधी दुसऱ्या वचनात परमेश्वर आठवण करून देतो की त्याने इस्राएलाला मिसरच्या दास्यातून बाहेर काढले. सुटका आधी झाली, सीनाय पर्वत नंतर आला. आज्ञा पाळल्यास सोडवीन, असे परमेश्वर मिसरात म्हणाला नाही.

योहान ८ मध्ये व्यभिचारात धरलेल्या स्त्रीसमोरही हाच क्रम आहे. दगड घेतलेले लोक एकेक करून निघून गेल्यावर प्रभूने तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मी तुला दोषी ठरवत नाही. दुसरी, जा आणि यापुढे पाप करू नकोस. आपण माणसे हा क्रम उलटा करतो: आधी सुधार, मग पाहू. आणि काही जण दुसरे वाक्य गाळूनच टाकतात. प्रभूने दोन्ही वाक्ये सांगितली आणि याच क्रमाने सांगितली.

तीत २:११–१२ मध्ये पौल याचे कारण देतो. तारण देणारी देवाची कृपाच आपल्याला अभक्तीला नकार द्यायला शिकवते. कृपा शिक्षिका आहे. पापाला 'नाही' म्हणणे हा तिच्या शाळेतला पाठ आहे. शाळेत प्रवेश मिळवण्याची फी नव्हे.

५. पंडिता रमाबाई: दयेने घडवलेले आज्ञापालन

ही शिकवण एका मराठी स्त्रीच्या जीवनात स्पष्ट दिसते. मी ज्या म्हैसूर शहरात शिकते, त्याच्याशीही त्यांच्या घराण्याचा संबंध होता. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. काही वर्षे ते म्हैसूरच्या दरबारी होते. पुढे त्यांनी पश्चिम घाटातल्या रानात गंगामूळ येथे आश्रम केला. तो भाग तेव्हा म्हैसूर संस्थानात होता. तेथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रियांना संस्कृत शिकवणे लोकांना पटत नसे, अशा काळात अनंतशास्त्रींनी पत्नीला शिकवले आणि आईने रमाबाईंना.

पुढे कुटुंबाची सगळी मालमत्ता गेली. दक्षिणेतल्या दुष्काळात ते अन्नाला महाग झाले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नंतर भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, तेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज गावच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एका गृहात पाठवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ते गृह होते. अशा स्त्रियांसाठी कोणी प्रेमाने काम करते, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे, त्यातल्या काही स्त्रिया इतक्या बदलल्या होत्या की आता त्या स्वतः आजारी आणि दुबळ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारले की तुम्ही या स्त्रियांची एवढी काळजी का घेता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहान ४ था अध्याय, शोमरोनी स्त्री आणि प्रभू यांची भेट, वाचून दाखवला. पाप्याचा तिरस्कार न करता त्याला शोधणारा आणि वाचवणारा तारणारा त्यांना तेथे दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे आपल्या पाठाचा पहिला मुद्दा लक्षात येतो. रमाबाईंना शास्त्रे आणि नियम भरपूर माहीत होते. त्यांना ओढून घेतले ते दयेने. आणि त्या दयेचा पुरावा त्यांना युक्तिवादातून मिळाला नाही. तो बदललेल्या स्त्रियांच्या आज्ञाधारक जीवनात मिळाला.

पण गोष्ट तेथे संपत नाही. १८८९ मध्ये त्या भारतात परतल्या आणि मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. काम जोरात होते, नाव झाले होते. तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यांना एक गोष्ट उमगली. ती त्यांनी नंतर आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिली: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो अजून सापडला नाही. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचताना हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला होता. एवढी विद्वान, एवढी सेवा करणारी स्त्री देवापुढे रिकाम्या हातांनी उभी राहिली. आपण बरेच काही केले आहे असा हिशेब त्यांनी मांडला नाही. क्षमा आपल्या कामावर मिळत नाही, ती पापी म्हणूनच घ्यायची आहे, हे त्यांनी स्वीकारले.

त्यानंतर त्यांच्या आज्ञापालनाचे रूप पाहा. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाईंना ती बातमी नुसती ऐकून सोडून देता आली नाही. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगाव येथे घेतलेल्या शेतात त्यांना ठेवले. तेच 'मुक्ती'. १९०० पर्यंत तेथे सुमारे १,५०० जणी राहत होत्या.

त्या मुक्तीतच एक वेगळे घर उभे राहिले, 'कृपासदन'. फसवल्या गेलेल्या, वाममार्गाला लागलेल्या, कोठेच जागा नसलेल्या स्त्रियांसाठी. १८८३ मध्ये फुलहॅमला जी दया रमाबाईंनी पाहिली, तिला केडगावात दार मिळाले. नावही पाहा. त्या घराला 'सुधारगृह' म्हटले नाही. कृपेचे घर म्हटले. आणि त्या घरात प्रार्थना, शिक्षण आणि काम यांची शिस्त होती. दया होती म्हणून शिस्त सैल झाली नाही, आणि शिस्त होती म्हणून दार बंद झाले नाही.

शेवटची कितीतरी वर्षे त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. पदव्या मिळालेल्या विदुषीने आपल्या विद्वत्तेची भाषा बाजूला ठेवली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसताना, एकेक ओवळ तपासत बसणे, हेही आज्ञापालनच आहे.

६. दया म्हणजे पापावर पांघरूण नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. मंडळ्यांमध्ये कधी कधी 'दया' आणि 'क्षमा' हे शब्द चुकीच्या कामासाठी वापरले जातात. घरात मारहाण सोसणाऱ्या बहिणीला "क्षमा कर आणि गप्प राहा" असे सांगितले जाते. पैशांचा गैरव्यवहार झाला, तर "प्रभूच्या कामाची बदनामी नको" म्हणून तो झाकला जातो. ही शास्त्रातली दया नाही. जखमी झालेल्याला रस्त्यावर सोडून लुटारूला पोटाशी धरणे हा चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताचा अर्थ होत नाही. दयेची सुरुवात जखमी माणसापासून होते.

रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्यांबद्दल वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. इंग्रज मिशनरी आणि अधिकारी त्यांचे परिचित होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. पतितांवर दया करणारी हीच स्त्री अन्यायाविरुद्ध स्पष्ट बोलत होती. कारण दोन्हींचे मूळ एकच होते: दुर्बळाबद्दलची देवाची कळकळ.

ज्याने अपराध केला, त्याच्यासाठीही झाकणे ही दया नाही. जक्कयाकडे पाहा. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने अजून काहीही परत केलेले नव्हते. दया आधी आली. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करतो. नियमशास्त्राप्रमाणे आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश द्यायचा होता (गणना ५:७). चौपट भरपाई ही मेंढरू चोरून विकणाऱ्याला होती (निर्गम २२:१). म्हणजे जक्कयाने स्वतःला कबुली देणाऱ्याची सवलत लावून घेतली नाही, चोराचा दर लावला. लोकांच्या तिरस्काराने इतक्या वर्षांत जे झाले नव्हते, ते एका जेवणाच्या दयेने झाले.

७. रोजच्या जीवनात

पहिली गोष्ट, आधी देवाच्या अधीन व्हा. याकोब ४:७ मध्ये सैतानाला अडवायला सांगितले आहे, पण त्याआधी देवाच्या अधीन व्हायला सांगितले आहे. मोहाच्या वेळी फक्त मोहाशीच बोलत राहिलो तर हरतो. तेव्हा आधी प्रभूशी बोला, दोनच वाक्ये का असेनात.

दुसरी गोष्ट, पाप दाराशी असतानाच ओळखा. ज्या वेळी, ज्या खोलीत, ज्या मनःस्थितीत आपण पडतो, ती बहुधा ठरलेली असते. योसेफ पोटीफराच्या घरात चर्चा करत बसला नाही. वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९:१२). रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे किंवा ठरावीक संगत टाळणे यात कमीपणा नाही. दारूसारखे व्यसन असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांची मदत घेणे हेही नम्रतेचेच लक्षण आहे.

तिसरी गोष्ट, लहान बाबींत ऐकायला शिका. हजेरीत मित्राची खोटी 'प्रॉक्सी', खर्चाच्या हिशेबात लावलेले जास्तीचे बिल, प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली दुसऱ्याची गुप्त गोष्ट. शौलाची मेंढरे अशीच बेंबावतात.

चौथी गोष्ट, एका विश्वासू माणसापुढे कबुली द्या. याकोब ५:१६ आपल्याला एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. लपवलेल्या पापाला अंधारात बळ मिळते. ज्याच्यापुढे कबुली दिली जाते, त्याने ती बाहेर जाऊ न देणे हेही आज्ञापालन आहे. मात्र कोणाला इजा होत असेल, तर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी बोललेच पाहिजे.

पाचवी गोष्ट, पडलात तर लवकर परत या. पडल्यावर आठ-पंधरा दिवस देवापासून दूर राहणे, हे पुष्कळांना पश्चात्ताप वाटते. तो अभिमान असतो: थोडे चांगले झाल्यावर त्याच्यापुढे जाईन. उधळ्या पुत्राच्या अंगावर डुकरांचा वास असतानाच बापाने त्याला मिठी मारली.

सहावी गोष्ट, परत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवा. आपल्या मंडळीत पडलेला तरुण, घर सोडून गेलेली आणि आता परतलेली मुलगी, तुरुंगातून सुटलेला भाऊ आला, तर त्याला बसायला जागा कोणाशेजारी मिळते? आपल्या मंडळीत 'कृपासदन' आहे का? मत्तय ९:१३ मध्ये प्रभूने परूश्यांना होशेय ६:६ चा अर्थ जाऊन शिकायला सांगितले, की देवाला यज्ञापेक्षा दया हवी आहे. तो गृहपाठ आपल्यालाही दिलेला आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. कठोर आणि सैल या दोन वाटांपैकी तुमचा कल कोणत्या वाटेकडे आहे? त्याचा तुमच्या घरच्यांवर काय परिणाम होतो?
२. या आठवड्यात तुम्ही कोणाकोणाचा शब्द 'ऐकला'? शौलाप्रमाणे कोणती मेंढरे राखून ठेवली आहेत?
३. मत्तय १८ मधील चाकराने मुदत मागितली. आपणही देवाकडे क्षमेऐवजी मुदत मागतो का?
४. सेवेत गुंतलेली व्यक्तीही ख्रिस्तापासून दूर असू शकते, हे रमाबाईंच्या १८९१ च्या अनुभवावरून कसे दिसते?
५. तुमच्या मंडळीत परत येऊ इच्छिणारी, पण लाजेने दूर राहिलेली एखादी व्यक्ती आहे का? या आठवड्यात तिच्यासाठी तुम्ही कोणते एक पाऊल उचलाल?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही मुदत मागत होतो आणि तू आमचे सगळे कर्ज सोडलेस. तुझ्या पुत्राने ते फेडले, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. पाप दाराशी असताना तुझा आवाज ओळखायला आम्हाला शिकव. दुसऱ्या आवाजांपेक्षा तुझा आवाज आम्हाला जवळचा वाटू दे. ज्यांना आमच्या वागण्याने दुखावले, त्यांना भरपाई देण्याचे धैर्य दे. ज्यांनी आम्हाला दुखावले, त्यांच्याबद्दलचा द्वेष आमच्या मनातून काढ. जे आज लाजेने दूर बसले आहेत, त्यांना आमच्या दारातून तुझे दार दिसू दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.